साठावी मुलगी

"गाडी आई जी, गाडी!" गाडी आल्याची वर्दी देणारी, शाळेची आया सगीराबी हिची ही हाक मला अजून जशीच्या तशी ऐकू येते. ती हाक आली की उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत दारादारांतून मुली पळत सुटायच्या. सरकारी मुलींच्या शाळेची ती बैलगाडी होती, चारी बाजूंनी जाड पडदे लावलेली. सगीराबी पडदा उचलायची, एकेकीला दंडाला धरून आत सारायची आणि मोजायची. पडदा पडला की आत कोण बसलंय ते रस्त्यावरच्या कुणाला कळत नसे. आत आम्ही गुडघ्याला गुडघा लावून बसायचो. उन्हानं तापलेल्या त्या पडद्याचा वास मला फार आवडायचा.

फसली तेराशे एकोणपन्नास साल होतं, इंग्रजी एकोणचाळीस. मी चौथीत होते, आणि शाळा चौथीलाच संपत होती. आम्ही मूळचे धनगर. आजोबांच्या वेळी मेंढरं सुटली आणि घोंगड्यांचं दुकान आलं. वडिलांना सगळे आप्पा म्हणायचे, आम्हीसुद्धा. ते एकदा जेवताना म्हणाले, "पाचवी उघडली तर शीक. नाय उघडली तर वैशाखात लगीन." बिडकीनचं स्थळ सांगून आलं होतं. पाचवी उघडणार नाही याची त्यांना पक्की खात्री होती, म्हणून एवढं सढळपणे बोलले.

पाचवीसाठी अट होती. तपासणीच्या दिवशी साठ मुली हजर पाहिजेत. आमच्या पटावर होत्या अठ्ठेचाळीस.

मोठ्या बाई जहांआरा बेगम यांनी मग एक धाडस केलं. आमच्या भागातल्या पोरांचं एक सेवा मंडळ होतं. वाचनालय चालवायचं, उरुसात पाणी वाटायचं, असली कामं करायचं. त्यातल्या रामकिसन आणि गयास या दोघांना त्यांनी शाळेत बोलावलं. दोघं अंगणात उभे, बाई चिकाच्या पडद्याआड. "तुम मुली आणा, गाडी आणि पाट्या मी देते," असं बाईंनी ठरवून टाकलं. सरकारी शाळेनं मोहल्ल्यातल्या पोरांची मदत मागितली, याचं पोरांना केवढं अप्रूप वाटलं! श्रावणात बिडकीनच्या रस्त्यावरच्या धनगरवाडीत जाऊन त्यांनी बारा मुलींची नावं लिहून आणली. त्या बाराजणी गाडीनं शाळेत येऊही लागल्या.

रामकिसन दुकानात येऊन हे ऐटीत सांगत होता, तेव्हा आतून आई म्हणाली, "रामकिसन, ह्या पोरी दिवाळीनंतर हिथं नसत्यात बरं."

"अवो वहिनी, नावं लिहिलीत. बापांचे अंगठे घेतलेत!"

"अंगठा हिथंच राहील, पोरी जातील."

सगळे हसले. आप्पाही हसले. 

तपासणी फसली सालाच्या 'दै' महिन्यात लागली, दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी. चार दिवस मुली आल्या नाहीत म्हणून रामकिसन वाडीवर गेला आणि परत आला तो पांढराफटक. दुकानाच्या फळीवर बसून म्हणाला, "वाडीच नाही हो आप्पा. चुलीचे दगड आहेत आणि लेंड्या आहेत. माणूस नाही."

पाऊस सरला की मेंढरं चाऱ्याच्या मुलखाला निघतात आणि सगळं घर त्यांच्यामागं निघतं, ज्येष्ठापर्यंत. शहरातल्या शिकलेल्या पोरांना हे माहीत नव्हतं. बेगमसाहेबांनाही नव्हतं. आम्हांला माहीत होतं, पण आम्हांला कुणी विचारलंच नव्हतं. आई भाकऱ्या थापत राहिली. मला मात्र वैशाख दिसू लागला. बिडकीनचा तो मुलगा मी पाहिलाही नव्हता.

तपासणीला दोन दिवस उरले होते. रामकिसन आणि गयास दारोदार हिंडले. गयासनं स्वतःच्या दोन बहिणी दिल्या. कुणी पाच वर्षांची पोर दिली, कुणी नाही म्हणून दार लावलं. आदल्या दिवशी संध्याकाळी गिनती झाली तर एकोणसाठ. दुकानात उभा राहून गयास म्हणाला, "एक लडकी, आप्पा. बस एक. मिल जाएगी सुबह तक." आप्पा घोंगड्यांची घडी घालत राहिले. आई दाराशी उभी होती.

सकाळी मी पहिल्या खेपेनं गेले. अंगण सारवलेलं, टाटपट्ट्या सरळ. हैदराबादेहून आलेल्या तपासणीच्या बाई खुर्चीवर बसल्या होत्या, काळ्या काडीचा चष्मा, हातात पट. दुसरी खेप आली; त्या खेपेला सगीराबी अंगणातच थांबली होती, गाडीवान एकटाच गेला होता. सगीराबीनं पडदा वर केला आणि ती मोजायला लागली. सोळा उतरल्या, सतरा, अठरा. मग तिचा हातच थांबला. "या अल्ला," ती म्हणाली.

पडद्यातून एक बाई उतरली. नऊवारी, डोक्यावरून घट्ट पदर, गळ्यात काळी पोत, पायांत जोडवी. हातात माझी जुनी फुटकी पाटी.

माझी आई.

माझ्या शेजारच्या मुलींनी मला दोन्हीकडून कोपरं मारली.  माझी आई पाणी भरण्याखेरीज उंबरा ओलांडत नसे. ती अंगण चालून आली, पहिलीच्या टाटपट्टीवर सहा वर्षांच्या मुलींच्या रांगेत मांडी घालून बसली आणि पाटी मांडीवर धरली. जहांआरा बेगम भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मी आजही विसरलेले नाही.

तपासणीच्या बाई उठल्या. मी वाटेतच बसले होते. त्यांनी माझ्याकडं पाहून विचारलं, "ये कौन हैं? तुम जानती हो?"

मी म्हणाले, "जी नहीं."

 आईनं मान वर केली नाही.

"नाम?"

"राजाबाई."

"वालिद का नाम?"

पटात प्रत्येक मुलीपुढं बापाचं नाव असे. नवऱ्याच्या नावाला तिथं रकानाच नव्हता. आई म्हणाली, "मुंजाबा." ते माझ्या आजोळच्या आजोबांचं नाव.

"उमर?"

"कुणी लिव्हून नाय ठेवली."

"शादी हुई है?"

"व्हय."

बाईंनी पट मिटला. संपलं, असं मला वाटलं. मग त्यांची नजर चौथीच्या रांगेवर गेली. तिथं दोन मुली मंगळसूत्र घालून बसल्या होत्या. एक बारा वर्षांची, एक अकराची. दोघींच्या पुढंही पटात बापाचंच नाव होतं. त्या दोघींकडं बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग आईला विचारलं, "यहाँ कैकू आये तुम? सच बोलो."

जहांआरा बेगमांनी डोळे मिटून घेतले.

आई म्हणाली, "साठ पायजेत म्हणून आले. एक कमी व्हती. पर आता बसले तर शिकीन बी. पाटी आणलीया."

एवढं खरं कुणी सांगेल असं आम्हांला कुणालाच वाटलं नव्हतं. मागं कुणीतरी लहान मुलगी रडायला लागली. बाईंनी पट उघडला, टाक बुडवला आणि साठावं नाव स्वतः लिहिलं. जाताना बेगमसाहेबांना म्हणाल्या, "मंजुरी देती हूँ. लेकिन सालाना इम्तिहान तक साठ में से एक भी कम हुई, तो रद्द. मैं कभी भी आदमी भेजूंगी."

म्हणजे आईला रोज जावं लागणार होतं!

त्या संध्याकाळी आईनं आप्पांना वाढता वाढता सगळं सांगितलं. आप्पांचा घास हातातच राहिला. "राजे, तू... शाळंत?"

"व्हय."

"पोरींच्या रांगंत?"

"पहिलीच्या. पहिलीपासूनच सुरू करावं लागतं म्हणं."

"मानसं काय म्हंतील? आन घरचं कोण करंल?"

"आज कोण केलं? भाकरी थंड व्हती का?"

 आप्पांनी माझ्याकडं बघितलं. "पाचवी उघडली?"

"उघडली," आई म्हणाली. "तुमीच बोलला व्हता."

ते उठले, हात धुतले आणि दुकानाच्या फळीवर जाऊन बसले. बिडकीनच्या स्थळाला त्यांनी काय कळवलं ते मला ठाऊक नाही. त्या घरातलं कुणी पुन्हा आलं नाही.

भांडी घासताना आई माझ्या कानाशी वाकली. "वळखत नाय म्हणालीस ते लई हुशारीचं केलंस. एका घरच्या दोघी हाईत म्हटल्यावर त्या बाईला सोंग वाटलं असतं. मला बाई सुचलं नसतं."

माझ्या हातात राखेचा चोथा होता. मी म्हणाले, "व्हय."

दुसऱ्या दिवशी गाडी आली. आई माझ्यानंतर चढली आणि माझ्यापासून लांब, अगदी पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन बसली. गाडीतल्या सगळ्या मुलींना आम्ही कोण ते माहीत होतं. पण हैदराबादचं माणूस कधीही येईल, म्हणून सात महिने, परीक्षेच्या दिवसापर्यंत, माझ्या आईनं शाळेत मला ओळख दाखवली नाही. पेन्सिल पडली तर म्हणायची, "अगं ये पोरी, तेवढी दे."

मी उचलून द्यायचे.