न खाल्लेला खडा

सगळ्यात आधी सांगून टाकते, मी जिंकले. नेमकी कशी जिंकले ते मला अजून कळलेलं नाही, म्हणून तर लिहायला बसलेय.

प्यो काकूंच्या बादुकघरात दर शनिवारी दुपारी ग्वाक आजोबा आणि मी बादुक खेळतो, म्हणजे पटावर काळे-पांढरे खडे मांडून जागा घेरायचा खेळ. दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत काळे खडे कायम माझे, म्हणजे पहिली चालही माझीच. कच्च्या खेळाडूला एवढी सवलत असते. ती जाते एकाच रीतीने: सलग तीन डाव जिंकायचे, मग दोघं बरोबरीचे. मागचे दोन शनिवार मी जिंकले होते. आख्खा आठवडा शाळेत अशी चालत होते की शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीने विचारलं, "हेदम, मान आखडलीये का तुझी?"

तिसऱ्या डावाला नाम काका खुर्ची ओढून आमच्या कडेलाच बसले. पूर्वी ते बेटांवर जाणाऱ्या फेरीबोटीचे कप्तान होते, त्यामुळे हळू बोलणं त्यांना माहीत नाही.

"आज आजोबांना बुडवतेस वाटतं," ते म्हणाले.

"नाम, बघणाऱ्याने तोंड उघडलं की थोबाडीत बसते," आजोबा पटावरून नजर न हलवता म्हणाले.

शंभरेक खडे पडेपर्यंत सगळं ठीक होतं. मग आजोबांनी एक पांढरा खडा आणून ठेवला तो थेट माझ्या डाव्या कोपऱ्यात, माझ्याच खड्यांच्या कुशीत. एक चाल केली की तो चारी बाजूंनी कोंडला जाणार आणि खाल्लेले खडे ठेवायच्या माझ्या भांड्याच्या झाकणात जमा होणार. शिकून आठवडा झालेलं पोरसुद्धा असली चाल करणार नाही.

मी खड्याकडे बघितलं, मग आजोबांकडे. चुकले? पण आजोबा पटावरचं एक घर कुणाला सुखाने सोडत नाहीत. नजर कमी झाली? मघाशी भिंतीवरच्या कॅलेंडरातलं बारीक अक्षर त्यांनीच तर वाचून दाखवलं होतं. झोप आली? डोळे टक्क उघडे. मग एकच उरत होतं. पोरगी बिचारी आशेवर आहे, जिंकू द्यावं.

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मला बरोबरी हवी होती, खिरापत नको होती. जा, खातच नाही तुमचा खडा, असं मनात म्हणत मी पटाच्या मधोमध काळा खडा आपटला.

"पट माझा आहे गं," प्यो काकू आतून म्हणाल्या.

आजोबा थांबले. हातातला पंखा गुडघ्यावर आपटत कितीतरी वेळ बसून राहिले. त्यानंतर डाव त्यांच्या हातात आलाच नाही. शेवटी त्यांनी दोन पांढरे खडे एकदम पटावर ठेवले. म्हणजे हरलो.

आनंद व्हायला हवा होता. पण तो खडा डोक्यातून जाईना.

डाव संपला की खडे काढून तोच डाव आठवणीने पहिल्यापासून मांडायचा आणि चुका बघायच्या, हे आमच्यात ठरलेलंच. मांडत मांडत आम्ही त्या खड्यापाशी आलो.

"आता खा," आजोबा म्हणाले.

"पण मी खाल्ला नव्हता."

"खाऊन तर बघ."

मी खाल्ला. त्यांनी बाहेरून एक खडा ठेवला. माझे खडे वाचवायला मला आत एक खडा भरावा लागला. आणखी एक. पुन्हा भरला. चार चालींत माझा कोपरा आपल्याच खड्यांनी चोंदला आणि बाहेर पांढऱ्यांची भिंत उभी. डावी बाजू सगळी त्यांची.

"आई गं," नाम काका म्हणाले. "मला तर फुकटचा वाटला."

"तुला सगळंच फुकटचं वाटतं." आजोबा माझ्याकडे वळले. असं त्यांनी माझ्याकडे कधीच बघितलं नव्हतं. "न खाता मध्ये जायचं, एवढी एकच वाट होती. किती चाली पुढचं दिसलं होतं, पोरी?"

पंधरा, असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"एकही नाही," मी म्हणाले. "मला वाटलं तुम्ही दया करताय. राग आला, म्हणून खाल्ला नाही."

नाम काकांची कॉफी नाकातून आली. आजोबा मात्र हसले नाहीत.

"दया? मी?" ते म्हणाले. "दोन शनिवार तुझ्याकडून हरून मला घास गेला नाही, आणि म्हणे दया."

"मग हा डाव धरायचा की नाही?"

"न धरायला काय झालं?"

"माझं कारण चुकीचं होतं ना."

"त्याने माझी डावी बाजू परत येणार आहे का?"

राग नसता आला तर मी खाल्ला असता. म्हणजे मी हरले असते. मग जिंकलं कोण, मी की माझा राग? आणि राग माझाच, मग मीच ना? मी सवयीने काळ्या खड्यांचं भांडं ओढायला गेले. आजोबांनी त्यावर तळहात ठेवला.

मग त्यांनी पांढऱ्या भांड्यात हात घालून मूठभर खडे उचलले आणि मूठ झाकूनच पटावर ठेवली. बरोबरीच्यांमध्ये काळे कुणाचे ते असं ठरतं. मुठीत विषम वाटले तर समोरच्याने एक काळा खडा ठेवायचा, सम वाटले तर दोन; ओळखलं तर काळे त्याचे. आजवर मी हे इतरांचंच बघत आले होते.

"ठेव," आजोबा म्हणाले. "या खेपेला विचार करून."

"मुठीत किती ते विचार करून कसं कळणार हो?" नाम काका म्हणाले.

"नाम, थोबाडीत."

मी एक ठेवला. उचलला. पुन्हा ठेवला.

"हात दुखतोय माझा," आजोबा म्हणाले.

मी दुसराही ठेवला. का, ते मला विचारू नका.