कप धुवायची दहा मिनिटं

दर गुरुवारी दुपारी चार बायका लोकरीच्या दुकानामागच्या खोलीत विणायला बसत. शेवटी चहा होई आणि कप धुवायला सिस्टर उठे. दुसरं कुणी उठलेलं तिला खपायचं नाही. "तुमचं धुणं म्हणजे कपाला पाणी दाखवणं," असं ती तोंडावर सांगायची. तीस वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून काढलेली बाई ती. आता त्या कपात ऑपरेशनच व्हायचंय अशा थाटात एकेक कप घासायची. त्यात दहा मिनिटं सहज जायची.

त्या दहा मिनिटांत बाकीच्या तिघींनी जे केलं, ते चांगल्या मनानं केलं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. वाईट मनाचं माणूस निदान जरा जपून तरी वागतं.

दुकानाची मालकीण, लोकरवाली, नळाच्या आवाजाकडे कान लावून बसायची. निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई सिस्टरचं विणकाम उचलून टाके मोजायच्या. हवेत बहात्तर, भरायचे एकोणसत्तर. मग चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासणारी चौथी, जिला सगळ्या चष्मेवालीच म्हणत, ती सुटलेले टाके उचलायची, दोन-चार ओळी उसवायची आणि भराभर पुन्हा विणून टाकायची. हे काम तिच्याच गळ्यात, कारण तिघींत तिचाच हात सिस्टरसारखा घट्ट. नळ बंद झाला की सुया जागच्या जागी आणि तिघींची तोंडं साळसूद.

पाच महिने हा उद्योग चालला. सुरुवात झाली ती एका गुरुवारी सिस्टरला आपली चूक आपणच दिसली तेव्हा. सरळ ओळीत हे भोक! तिचा चेहरा असा उतरला की तिघींना बघवेना. ती कप धुवायला गेल्यावर लोकरवाली कुजबुजली, "अगं, असं होत राहिलं तर ही यायचीच बंद होईल." खरं दुखणं तिथं होतं. सिस्टर नसली तर गुरुवारात उरणार काय? तिच्या शिव्या, तिचे दवाखान्यातले चावट किस्से, सगळंच संपलं असतं.

चष्मेवालीला आणखीही दिसत होतं. चूक व्हायची ती डाव्या सुईवर. कपही डाव्या हातातूनच निसटायचा. "वय झालं, दुसरं काय," बाई म्हणायच्या. चष्मेवालीनं एकदा सिस्टरशी बोलायला तोंड उघडलं आणि शब्द गिळून टाकला. पुढच्या गुरुवारी बोलू म्हणाली. मधल्या सोमवारीच सिस्टर घराच्या जिन्यात कोसळली ती उठलीच नाही. मेंदूत गाठ निघाली, लिंबाएवढी.

पंधरा दिवसांनी सिस्टरची लेक पिशवी घेऊन दुकानात आली. "हा स्वेटर माझ्यासाठी विणत होती. पाठ-पोट झालंय, बाह्या राहिल्यात. पुरा करून द्याल?"

"हे काय विचारणं झालं, पोरी?" लोकरवालीनं डोळे पुसले.

दारापर्यंत जाऊन लेक वळली. "मावशी, शेवटी शेवटी आईचं विणणं कसं होतं हो?"

"नेहमीसारखंच," बाई म्हणाल्या. "सुबक."

"एक टाका इकडचा तिकडे नाही," चष्मेवाली म्हणाली.

"म्हणजे मलाच वेड लागलं होतं," असं काहीतरी लेक पुटपुटली आणि गेली.

त्या गुरुवारी चष्मेवालीनं बाहीचे चाळीस टाके घातले. पाच ओळी झाल्या आणि आतल्या मोरीतला नळ सुरू झाला. तिघींनीही ऐकलं. बारीक धार, मधेच कपावर कप आपटल्याचा आवाज. लोकरवाली उठून बघून आली. नळ बंद, मोरी कोरडी ठणठणीत. चष्मेवालीनं टाके मोजले तर अडतीस. कुठं सुटलेला दिसेना, पण अडतीस.

"घालतानाच चुकली असशील," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी स्वतः पुन्हा मोजायला घेतले.

पुढच्या गुरुवारीही तेच. मग चष्मेवाली काम घरी घेऊन आली. भरदुपारी, खिडकी उघडी, खाली रस्त्यावर भाजीवाल्याची आरडाओरड, आणि हिच्या स्वयंपाकघरात कुणीतरी निवांत कप धुतंय! ती जागची उठली नाही. उठून बघितलं आणि सिस्टर दिसली नाही तर काय करायचं, याचंच तिला जास्त भय वाटलं. खोटं कशाला बोला, ती त्या आवाजाला "अगं, आता पुरे," म्हणाली आणि रडली.

तिसऱ्या गुरुवारी बाह्या जोडायच्या म्हणून तिघींनी स्वेटरची पाठ टेबलावर पसरली. खालचा वीतभर भाग आरशासारखा साफ. त्याच्यावर मात्र भोकं. सुटलेले टाके, अडकलेले टाके, एका बाजूला ओढ घेतलेल्या ओळी. ह्या तिघींनी चोरून दुरुस्त केलेली प्रत्येक चूक परत आली होती, जिथली तिथं. वर जावं तशी भोकं वाढत गेली होती.

बाईंनी बोट ठेवून ओळी मोजल्या. "इथून सुरू. पाच महिने," त्या म्हणाल्या.

"उसवूया," लोकरवाली घाईनं म्हणाली. "सगळं उसवून नवं विणूया. तिच्या लेकीला काय कळतंय? नवी लोकर देते मी."

"पुन्हा?" चष्मेवाली ओरडली. "अगं, अजून पोट भरलं नाही का आपलं?" तिनं विणकाम गोळा केलं, पिशवीत कोंबलं आणि तशीच चालू लागली.

लेक घरीच होती. चष्मेवालीनं पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्याउभ्याच पाठ पसरून दाखवली आणि सगळं सांगून टाकलं. कप, नळ, मोजणं, उसवणं. "तिचा हात जात होता, बाळा. आम्हाला दिसत होतं आणि आम्ही झाकलं. आम्ही बोललो असतो तर ती वेळेवर डॉक्टरकडे गेली असती. तू मला काय हवं ते बोल."

लेक भोकांवरून बोटं फिरवत राहिली. मग म्हणाली, "तिला शंका होती, मावशी."

"काय?"

"नर्सच ती. हातातून वस्तू पडायला लागल्या तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली होती. मी दोनदा डॉक्टरांची वेळ घेतली. दोन्ही वेळा गुरुवारी घरी येऊन तिनं पिशवीतून हे काढलं, माझ्यासमोर एकेक टाका मोजला आणि म्हणाली, बघ, बहात्तरच्या बहात्तर. हात गेलेली बाई असं विणेल का?" लेकीनं मान वर केली. "मग मीच फोन करून वेळ रद्द केली."