मेणाखालचा ठिपका

मी निकोलसचा पृथ्वीगोल बोलतोय. त्या सप्टेंबरात, १९९९ साली, गिरीज गावातल्या आमच्या वाडीत रोजचीच दुपार होती. कार्मिनआई ओटीवर केळीची पानं पुसत होती, शेजारचा जयवंत जुड्या बांधत होता. शाळेतून आलेल्या सालोमीने रेडिओ लावला, आणि तिमोर बेट पेटल्याची बातमी आली. पूर्वेकडच्या लोकांनी देशापासून वेगळं होण्याच्या बाजूने मत दिलं म्हणून विरोधी टोळ्या तिथली गावं जाळत होत्या.

सालोमीचा भाऊ, ब्रदर निकोलस, त्याच बेटावर मिशनच्या दवाखान्यात होता.

मला त्यानेच चोरबाजारातून आणलेलं. जाण्याआधी माझ्यावर निळ्या शाईचा ठिपका देऊन म्हणाला, "आये, मी इथे. रेघेला लागूनच." मी जुना, माझ्यावर ते बेट अजून दोन देशांत वाटलेलं, मधे रेघ, पश्चिमेला हिरवं, पूर्वेला पिवळं. तो गेला, तसा कार्मिनआईने ठिपक्यावर आशीर्वादाच्या मेणबत्तीचा थेंब पाडला. वादळात घर राखायला लावतात ना, ती मेणबत्ती. ठिपका झाकला गेला, आणि रेघही.

बातमी ऐकून तिघं माझ्यावर वाकली.

"एवढ्याशा बेटाचे दोन तुकडे?" जयवंत म्हणाला. "आमच्या काकांनी वाडीतलं बावखलाचं तळं वाटून घेतलं, तसं झालं की! मासे तेवढे इकडून तिकडे जात राहिले."

"काका घरचे तरी होते," सालोमी म्हणाली. "इथे बाहेरचे आले. एका टोकाला डच, दुसऱ्याला पोर्तुगीज. चंदनासाठी भांडले, मग कागदावर रेघ मारून मोकळे."

"आपल्या इथल्या किल्ल्यात राहून गेले, तेच ना पोर्तुगीज?" कार्मिनआईने विचारलं.

"तेच."

"मग जाताना रेघ पुसून का नाही गेले?"

सालोमीने मेणावर बोट ठेवलं.

"आये, ठिपका हिरव्यात होता की पिवळ्यात?"

कार्मिनआईला आठवेना. पत्रांवर दोन्हीकडचा देश एकच असायचा, आणि त्याचं गाव माझ्यावर छापण्याएवढं मोठं नव्हतं. सालोमीने नख लावलं. कार्मिनआईने तिचं मनगट धरलं.

"नको गो. ते निघालं तर त्याला राखायला काय राहील?"

मला ठाऊक होतं. ठिपका पिवळ्यात होता, पूर्वेला, रेघेपासून केसभर. मी आतून पोकळ. भीती आत शिरली की घुमत राहते. ओरडावंसं वाटलं. नुसता आस कुरकुरला.

पुढे मिशनमधून निरोप आला. निकोलसने काही रोग्यांना रेघेपलीकडे पोचवलं, आणि उरलेल्यांना आणायला तो परत फिरला. त्यानंतर काहीच नाही.

आता पिवळ्या भागाचा वेगळा देश झालाय. कार्मिनआई राहिली नाही. सालोमी मला दर रविवारी पुसते आणि फडकं मेणापाशी थांबवते. कधी आलात तर मला जोरात फिरवू नका. मेण एका कडेला सुटू लागलंय, आणि मला त्याची धास्ती वाटते.

केळीची पानं कापायची सुरी माझ्या शेजारच्याच फळीवर आहे. तरी ठिपका कुठल्या बाजूला ते बघायला मेण अजून कोणी खरवडलेलं नाही.