एका दमात बादली

फुंकण्याच्या परीक्षेत भाता पहिला आला. पण हे आपण ऐकलंच नाही असं धरून चालू, कारण तो स्वतःही घरी पोचेपर्यंत तसंच धरून चालला होता.

"काय म्हणाले?" बायकोनं दारातच विचारलं.

"मशीन बंद होतं."

"मग एवढा वेळ काय करत होतात?"

"बंद मशीनच्या रांगेत उभा होतो."

बायकोनं त्याच्याकडे नीट पाहिलं. नवऱ्याचं खोटं ओळखायला तिला मशीन लागत नसे. "शेजारचा चावीवाला आत्ताच सांगून गेला. म्हणे, काटा पार टोकाला नेलात. दवाखान्यात असं कुणी फुंकलंच नाही आजवर."

भाता बूट काढायला खाली बसला. एक बूट काढला आणि दुसऱ्यासाठी दम गोळा करत राहिला.

"मशीनवाला म्हणाला, जोर लावा मास्तर. आता मास्तर म्हटल्यावर…"

"म्हटल्यावर काय?"

"लावला."

भाता हे काही त्याचं खरं नाव नव्हे. नगरपालिकेच्या बँडमध्ये तो सगळ्यात मोठा भोंगा वाजवायचा, अंगाभोवती अजगरासारखा गुंडाळून घ्यावा लागतो तो. त्याची छाती पाहून बँडवाल्यांनीच हे नाव पाडलं होतं. दोन वर्षांपूर्वी रसायनांच्या कारखान्यानं सुरक्षा सप्ताहाच्या समारोपाला हा बँड बोलावला. साहेबांचं भाषण झालं, शेवटची धून सुरू झाली आणि मागची गॅसची टाकी फुटली. पुढच्या रांगेतले पाहुणे पळाले. मागच्या रांगेतले त्यांच्याही आधी पळाले होते. बँडमास्तरची काठी मात्र हवेतच राहिली, आणि काठी खाली येत नाही तोवर थांबायचं नाही ही भात्याला लागलेली शिस्त. शेवटच्या लांब सुरासाठी त्यानं छाती भरून श्वास घेतला. बाकीच्यांनी त्या हवेतला आपापला वाटा घेतला, भात्यानं चौघांचा घेतला.

तेव्हापासून तो जिन्यात मध्येच थांबून कठड्याचं लाकूड तपासल्यासारखं करायचा आणि उशांचा डोंगर रचून बसल्या बसल्या झोपायचा. ज्याच्याकडे गॅसबाधिताचं कार्ड, त्याला औषध फुकट, दवाखान्यात खाट आणि वर भरपाई. आणि कार्ड कुणाला? ज्याचं फुंकणं सर्वसाधारण निरोगी माणसापेक्षा कमी भरेल त्याला. भात्याचं निम्मं गेलं होतं. पण त्याचं उरलेलं निम्मं सर्वसाधारण निरोगी माणसाला पुरून वर चिमूटभर उरत होतं.

चावीवाल्याला कार्ड मिळालं होतं. गळतीच्या दिवशी तो परगावी होता अशी गल्लीला शंका होती. गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या नाकात गॅस गेलाच नाही अशी चावीवाल्याला शंका होती. दवाखान्याला दोघांचीही शंका होती. आणि त्या संध्याकाळी बायकोही भांडी पुसता पुसता म्हणाली, "अहो, खरंच लागतो ना हो तुम्हाला दम?"

भात्यानं पायाकडे पाहिलं. दुसरा बूट अजून पायातच होता.

"बरं, राहू दे," ती म्हणाली. "पुढच्या खेपेला जरा हळू फुंका."

"हळू म्हणजे?"

"चहावर फुंकता तेवढं."

पुढच्या खेपेला भात्यानं चहावर फुंकलं. मशीनवाल्यानं काट्याकडे पाहिलं, मग भात्याकडे.

"मास्तर, मागच्या वेळी छप्पर उडवलंत. आज काय झालं?"

"आजारी आहे."

"मागच्या वेळी नव्हतात?"

"तेव्हाही होतो."

"मग खोटं कधी फुंकलंत, तेव्हा की आज?"

कागदावर शेरा पडला: सहकार्य संशयास्पद.

तिसऱ्या खेपेला बायको बरोबर निघाली. भोंगा तिनं खांद्यावर घेतला आणि भात्याच्या हातात रिकामी बादली दिली, बादलीत प्लास्टिकचा मग. दवाखान्याच्या दारात पहारेकऱ्यानं भोंग्यात कोपरापर्यंत हात घातला.

"यात काय आहे?"

"यांचा दम होता," बायको म्हणाली. "आता तेच दाखवायला चाललोय."

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत कोपऱ्यात एक बेसिन होतं. बायको सरळ तिकडे गेली.

"बाई, हे घरी सराव करायचे तेव्हा मी नळाखाली बादली लावायची. यांनी सूर धरला की नळ सोडायचा, सूर तुटला की बंद. बादली काठोकाठ. आता कसाबसा मग भरतो."

"बादली केवढी?"

"ही काय, आणलीये."

"आणि नळाला जोर किती असतो?"

"तुमच्या मशीनपेक्षा भरवशाचा."

डॉक्टरीणबाईंना दोघांचा संशय आला होता, पण बाहेर रांग होती आणि नाही म्हणण्यात जास्त वेळ गेला असता. "वाजवा," त्या म्हणाल्या.

भात्यानं भोंगा अंगावर चढवला. बायकोनं मग नळाखाली धरला. सूर निघाला, जाडजूड, जुना, कपाटाच्या काचा थरथरवणारा. मग त्याच्या कडा झिजल्या, मधेच नुसता वारा आला आणि सूर तुटला. बायकोनं नियमाप्रमाणे नळ बंद केला. भात्यानं टेबलाचा कोपरा धरला होता.

बाहेरच्या बाकांवर टाळ्या पडल्या. ज्यांना टाळ्या झेपत नव्हत्या त्यांनी खोकून दाद दिली.

"छान वाजवता हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि लिहायला लागल्या.

बायको मगाकडे बघत होती. ती कसाबसा मग भरतो असं म्हणाली होती. तो अर्धाही भरला नव्हता.

"बाई," ती जरा वेळानं म्हणाली, "हा माणूस आधी केवढा होता, ते कुठं लिहिता?"

डॉक्टरीणबाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला. "तसा रकाना नाही. आजचा आकडा तेवढा लिहायचा. हवं तर अर्ज द्या."

बाहेरच्या बाकावर बायकोनं बादली पालथी घालून तिचं टेबल केलं. भाता मजकूर सांगू लागला. नगरपालिकेत नोकरी झालेली, त्यामुळे भाषा त्याला तोंडपाठ होती. दर चार शब्दांनी तो थांबायचा, आणि तीही पेन उचलून थांबायची. घाई करत नव्हती. अर्ध्यावर त्याचा डोळा लागला, बसल्या बसल्या, भोंग्यावर डोकं टेकून. शेवटच्या ओळी तिनं आपल्या मनानं लिहिल्या:

"…सबब विनंती की, अर्जदाराची तुलना सर्वसाधारण निरोगी माणसाशी न करता गळतीच्या आदल्या संध्याकाळच्या अर्जदाराशी करण्यात यावी. सदर इसम आपल्या दप्तरी अगर कारखान्याच्या आवारात आढळून आल्यास, त्यास अर्जदाराच्या पत्नीच्या ताब्यात परत देण्याची कृपा व्हावी. ओळख पटवण्यासाठी ती बादली घेऊन हजर राहील."