गुरुवारचं तळण

नारिन गावातल्या आमच्या घरात, शेगडीसमोरच्या भिंतीवर, मी एक यंत्र लावलं होतं. कार्बन मोनॉक्साइड मोजणारं, तळहाताएवढं, दोन सेलवर चालणारं. नारिनला हिवाळाभर घराघरांत कोळसा जळतो, आणि दर वर्षी कुठल्या तरी गल्लीतलं एखादं कुटुंब झोपेतून उठत नाही. मी बिश्केकच्या प्रयोगशाळेत हवेतले वायू मोजते. आपा, म्हणजे माझी आई, त्या घरात राहते, आणि तिच्या जिवाची काळजी घेण्याचा मला माहीत असलेला हा एकच मार्ग होता.

"एजेने घरात पोलीस बसवला," उर्मात तेव्हा म्हणाला होता. उर्मात माझा धाकटा भाऊ; एजे म्हणजे ताई. चौदा वर्षांनी लहान.

"लग्न केलं असतंस तर भिंतींना डबडी ठोकायला वेळ मिळाला नसता," आपा म्हणाली होती. दोघं हसली होती. मी बटण दाबून यंत्र ओरडतं का ते तपासत होते.

ऑक्टोबरात उर्मातची गाडी घाटात ट्रकखाली गेली. तो तेवीस वर्षांचा होता.

चाळिसाव्या दिवशी आपाने रीतीप्रमाणे त्याचे कपडे वाटून टाकले. लोकरीचा कोट मामाला, बूट चुलतभावाला, टोप्या शेजाऱ्यांना. कॉम्प्युटर मात्र तिने कुणाला दिला नाही. तो बंदही केला नाही. उर्मात जो गेम खेळायचा त्याचं सगळं जग त्याच कॉम्प्युटरमध्ये होतं. त्यात त्याने वडिलांचं उन्हाळी कुरण उभारलं होतं: तंबू, दगडी कुंपण, ओढा, खुंटीला बांधलेला तांबडा घोडा. प्रत्येक दगड त्याने एकेक करून ठेवला होता. मी बिश्केकहून त्या जगात अधूनमधून जायची. तो मला पाणी भरायला लावायचा आणि "सायंटिस्टबाई, बादली उलटी धरलीय" म्हणून चिडवायचा.

आता त्याची आकृती, निळ्या कोटातली, कुंपणापाशी नुसती उभी होती.

"याला चालवायचं कसं?" आपाने चाळिसाव्याच्या दुसऱ्या दिवशी विचारलं.

मी तिच्या हातात कंट्रोलर दिला. डाव्या खुंटीने चालायचं, उजवीने मान वळवायची. सुरुवातीला निळा कोट जागीच गोल फिरला. मग निळा कोट घोड्यापर्यंत गेला आणि आपा इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट बसली. मला वाटलं, हे बरं आहे. मी बिश्केकला परतले.

त्यानंतर दुपारच्या सुट्टीत मी लॅपटॉप उघडायची आणि कुरणात जायची. निळा कोट तिथे असायचा. आम्ही शेजारी शेजारी उभ्या राहायचो आणि फोनवर बोलायचो.

"आज उर्मातने घोड्याला पाणी पाजलं," ती सांगायची.

"तू पाजलंस, आपा."

"हो गं, तेच."

आमच्याकडे मेलेली माणसं गुरुवारी घर बघायला येतात. त्यांच्यासाठी तेल तापवून वास काढायचा असतो. पिठाचे छोटे तुकडे, बोरसोक, तळायचे, आणि खिडकी उघडायची, म्हणजे वास बाहेर जाऊन त्यांच्यापर्यंत पोहोचतो. वडिलांसाठी आपा हे कित्येक वर्षं करत होती. शेगडीचं तोंड उर्मातच्याच खोलीत होतं, म्हणून कढई आता तिथे आली.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी ती वैतागून म्हणाली, "तुझा पोलीस तळणाला ओरडतो. वेड्यासारखा ओरडतो. घरात आलेलं माणूस पळून जाईल."

"तेलाच्या वाफेने होत असेल," मी म्हणाले. "स्वस्तातल्या यंत्रांचं होतं तसं. खिडकी थोडी उघड."

तेलाच्या वाफेने अशी यंत्रं फसू शकतात, हे खरं आहे. पण यंत्रावर आकडा किती होता, हे मी विचारलं नाही. कामावर हा प्रश्न मी दिवसातून वीसदा विचारते.

पुढच्या गुरुवारी यंत्र ओरडलं का, असं मी विचारलं.

"नाही ओरडलं. शहाणं झालं."

"खिडकी उघडली होतीस?"

"खिडकी कशाला? ज्याच्यासाठी तळतेय तो खोलीतच आहे. वास बाहेर घालवून काय करू?"

शोकात माणसं असं बोलतात, असं मी स्वतःला सांगितलं. त्यानंतरचं तिचं बोलणंही मी त्याच कप्प्यात टाकत गेले. गुरुवारी तिचं डोकं दुखायचं. गुरुवारी तिची जीभ जड व्हायची. शुक्रवारी सकाळी ती ठीक असायची. मग एका शुक्रवारी ती हळू आवाजात म्हणाली, "काल त्याची पावलं ऐकली मी. स्क्रीनमधली नाही गं. पाठीमागे, दाराशी. बूट झटकत होता."

"आपा, तू दमली आहेस. बिश्केकला ये."

"आणि तो आला तर दार कोण उघडेल? तू?"

जानेवारीत एकदा कंट्रोलर बंद पडला. दुसऱ्या दिवशी निळा कोट पुन्हा फिरू लागला.

"सेल कुठून आणलेस? दुकानापर्यंत गेलीस या थंडीत?"

"घरातच होते," ती म्हणाली. "नुसते पडून होते."

मी लॅपटॉपवर निळा कोट घोड्याला कुरवाळताना बघत होते. मला बरं वाटलं, एवढंच आठवतं.

जानेवारीतला शेवटचा गुरुवार. नारिनला उणे अठ्ठावीस. दुपारी एक वाजता मी चहा घेऊन बसले आणि कुरणात गेले. निळा कोट दगडी कुंपणाशी होता. तो चालत होता, पण कुंपण समोर असल्यामुळे पुढे जात नव्हता. पाय हलत होते, दगडाला घासल्याचा आवाज येत होता, परत परत, एकाच अंतराने. आपाला कुंपणाला वळसा घालता येत होता. पहिल्या आठवड्यापासून येत होता.

मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला.

कंट्रोलरच्या खुंटीत स्प्रिंग असते. बोट काढलं की ती मध्यावर येते आणि आकृती थांबते. आकृती थांबत नाही, याचा अर्थ खुंटीवर काहीतरी वजन आहे. हाताचं वजन. त्यासाठी माणूस जागं असावं लागत नाही.

मग बाकीचं सगळं एका ओळीत आलं. डोकं दुखणं, तेही फक्त गुरुवारी. जड जीभ. पावलांचे आवाज: हा वायू थोडाथोडा रक्तात गेला की माणसाला नसलेलं ऐकू येतं, खोलीत कुणी आहे असं वाटतं. हे मी स्वतः लोकांना शिकवते. खिडकी बंद. यंत्र शहाणं झालेलं. आणि घरात नुसते पडून असलेले दोन सेल.

गल्लीत समोर उमसुनाय-एजे राहतात, आपाहून दहा वर्षांनी लहान, तोंडाने फटकळ. मी त्यांना फोन लावला.

"एजे, मी आयझिरेक. आत्ताच्या आत्ता आपाकडे जा. खिडकी फोडा."

"फोडू? अगं, परवाच तिने मला दारासमोर राख सांडली म्हणून शिव्या..."

"एजे, कोळशाचा वायू आहे खोलीत. आत गेल्यावर श्वास घेऊ नका. आधी काच फोडा, मग तिला ओढून बाहेर काढा."

फोन तसाच चालू राहिला. बर्फावर धावणारी पावलं ऐकू आली, कुत्र्याचं भुंकणं, मग उमसुनाय-एजेंचा कुणालातरी हाका मारणारा आवाज. मी स्क्रीन बघत होते. निळा कोट कुंपणाला घासत चालत होता. तो चालतोय म्हणजे ती जिवंत आहे, असं मनाला वाटत होतं, आणि मला ठाऊक होतं की हा निष्कर्ष चुकीचा आहे. तो थांबला तर काय समजायचं, हेही मला ठरवता येत नव्हतं.

काच फुटल्याचा आवाज आला.

निळा कोट थांबला.

पंचवीस सेकंद फोनवर फक्त वारा होता. मी ते घड्याळात मोजले, कारण दुसरं काही करता येत नव्हतं.

"ओकतेय!" उमसुनाय-एजे ओरडल्या. "पोरी, ओकतेय ती! मला शिव्या देतेय!"

नारिनला पोहोचायला मला सहा तास लागले. इस्पितळात आपाच्या नाकाशी प्राणवायूची नळी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"दार उघडत होता तो," ती म्हणाली. "बूट काढत होता. तेवढ्यात तू काच फोडायला लावलीस."

"आपा, तो वायू होता."

"तुला सगळं माहीत असतं."

मी रजा टाकून घरी राहिले. शेगडीच्या धुराड्याची झडप तपासली. आपाने ती पूर्ण बंद केली होती आणि कडेच्या फटीत चिंधी कोंबली होती. गुरुवारी वास आणि ऊब आतच राहावी म्हणून, ती म्हणाली. चिंधी निळी होती, नीट घडी घातलेली. उर्मातच्या शर्टाची बाही. ते कपडे वाटून टाकल्याला दोन महिने झाले होते. ही बाही तिने कधी कापून ठेवली, हे मी विचारलं नाही.

खिडकीला नवी काच बसवली. यंत्रात नवे सेल घातले, कंट्रोलरमध्ये वेगळे नवे घातले, आणि सेलचं एक अख्खं पाकीट तिच्या समोर टेबलावर ठेवलं.

"हे रिमोटसाठी," मी म्हणाले. "संपले तर यातले घे. भिंतीवरचे नाही."

"कळलं."

गुरुवारी मी स्वतः खिडकी वीतभर उघडली. बाहेरची थंडी सुरीसारखी आत आली. आपाने कोट घालून बोरसोक तळले, पहिला तुकडा ताटलीत कॉम्प्युटरसमोर ठेवला, मग खुर्चीत बसून कंट्रोलर मांडीवर घेतला. निळा कोट कुंपणाला वळसा घालून घोड्यापर्यंत गेला. मी यंत्राचा आकडा बघितला. शून्य.

"बघ," मी म्हणाले, "गप्प आहे."

"हं." तिने कान दिल्यासारखी मान कलती केली. दाराकडे. बराच वेळ. मग म्हणाली, "आज काहीच ऐकू येत नाही."

"बरं आहे ना मग."

घोडा पाणी पीत होता. मी रविवारी परत जाणार होते, हे तिला माहीत होतं. सोमवारी माझी रजा संपत होती.

"पोरी," तिने विचारलं, अगदी साध्या आवाजात, "यात घातलेले सेल किती दिवस टिकतात?"

मी तिच्या मांडीवरच्या कंट्रोलरकडे बघून आकडा सांगायला तोंड उघडलं. मग माझं लक्ष तिच्या नजरेकडे गेलं. ती भिंतीवरच्या यंत्राकडे बघत होती.