मागच्या सीटवरचे पोते

सगुणबाबाने आयुष्यभर वजने सांगितली. खाणीच्या वजनकाट्यावर तो तीस वर्षे होता, आणि त्याची ख्याती अशी की काट्याकडे तो बघायचाच नाही. खनिजाचा ट्रक समोर आला की मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर एक नजर टाकायचा, पाटे किती वाकलेत ते बघायचा आणि आकडा सांगून मोकळा व्हायचा. काटा मग मुकाट्याने तोच आकडा दाखवायचा. असे तोच सांगतो. खाण बंद पडली, तो निवृत्त झाला, पण खोड राहिली. लग्नाच्या पंगतीत वाढपी भाताचे टोप घेऊन गेला तरी हा शेजाऱ्याच्या कानात किलो सांगणार.

गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यावर दोन चाकांवर तोल राहीना, तेव्हा सगळ्यांनी त्याला चारचाकी घ्यायला सांगितले. पण जी गाडी सगळ्यांकडे आहे ती घेऊन सगुणबाब काय करणार? त्याने आपली जुनी बुलेट कुठल्याशा कारखान्यात पाठवली आणि मागे एकाऐवजी दोन चाके लावून आणली. मागे गादीची रुंद सीट, दोन्ही बाजूंना धरायला दांडे. आमच्या कारापुरात असले तीनचाकी प्रकरण कोणी पाहिले नव्हते. पहिले आठ दिवस लोक बघायला येत होते आणि तो प्रत्येकाला सांगत होता, "खास पद्मावतीखातीर केल्या."

पद्मावती म्हणजे त्याची बायको, आमची वयनी. तिची थोरली बहीण वत्सला इब्रामपूरला अंथरुणाला खिळली होती. वयनीला तिला एकदा डोळ्यांनी बघायचे होते, बाकी काही नको होते. बस दोनदा बदलायची आणि पुढे चढण चढायची, ते तिला झेपेना. म्हणून ही गाडी. पहिल्याच रविवारी दोघे निघाली आणि दोडामार्गाच्या अलीकडूनच परत आली. वयनी माझ्या दुकानासमोर दांडा धरून उतरली.

"हाडां सगळीं हाललीं," ती म्हणाली. "हे गाडयेर म्हाका जमचें ना."

माझे दुकान काजूबियांच्या खरेदीचे, आणि त्याला लागून मधुकर मेस्त्रीचे गॅरेज. मधुकरचे अर्धे आयुष्य खाणीच्या टिपरांखाली गेले. गाडी कुठलीही असो, तिच्यात दहा टन माल भरला आहे असे धरूनच तो कामाला लागतो. एका शिक्षिकेच्या स्कूटरला त्याने असे काही कडक केले की ती बाई आता शाळेत चालत जाते.

त्याने तीनचाकीखाली डोके घातले. मागच्या दोन्ही शॉकअपच्या स्प्रिंगखाली एक कडे असते आणि त्याला पाच खाचा असतात. कडे फिरवून वरच्या खाचेत नेले की स्प्रिंग दाबली जाते आणि गाडी कडक होते, खालच्या खाचेत आणले की मऊ. बसणाऱ्याचे वजन बघायचे आणि त्याप्रमाणे खाच लावायची. एवढाच मामला, पण या दोघांनी त्यावर चार दिवस काढले.

"मागें बसपी मनशाचें वजन कितें?" मधुकरने विचारले.

"वयनीक विचारूया," मी म्हणालो.

सगुणबाब हसला. "बायलेचें वजन कोण बायलेक विचारता? यशवंता, तुज्याकडलें एक पोतें भायर काड. एक पोतें म्हणजे पद्मावती. किलो उणें ना, किलो चड ना."

आम्ही तिघेही हसलो. सगळ्यात मोठ्याने मी हसलो, हे सांगून टाकतो. बियांचे भरलेले पोते ऐंशी किलोचे. ते सीटवर बसवले, सुंभाने बांधले आणि मधुकरने चौथी खाच लावली. सगुणबाब साखळीच्या बाजारापर्यंत जाऊन आला. गतिरोधकांवरून गाडी पाळण्यासारखी गेली म्हणे. पोत्याची काहीच तक्रार नव्हती.

दुसऱ्या दिवशी वयनी बसली आणि देवळाच्या वळणावरूनच कंबर धरून परत आली.

"धक्को बसता," ती म्हणाली.

"बसता म्हणजे स्प्रिंग बसता," मधुकरने अर्थ लावला. "आनीक कडक करूंक जाय."

पाचवी खाच लागली. पोते पुन्हा चढले आणि पुन्हा सुखाने साखळीला जाऊन आले. एव्हाना त्या पोत्यालाच आम्ही वयनी म्हणू लागलो होतो. वयनीक सांबाळून देंवय, म्हणजे जपून उतरव, वयनीक वतांत दवरूं नाका, म्हणजे उन्हात ठेवू नका, असे चालले होते. खरी वयनी तिसऱ्या दिवशी बसली, शंभर पावले गेली आणि उतरून घरी चालत गेली. सगुणबाब म्हणाला की बायकांना कुठलीच गाडी पसंत पडत नाही. मी म्हणालो, तिला मोटार हवी असेल. मधुकरने जीपच्या स्प्रिंगा बसवायची गोष्ट काढली.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही पोते बांधत असताना ती आली. हातात पोदेराकडून घेतलेल्या पावांची पिशवी होती.

"हें कोण?" तिने विचारले.

"तूं," सगुणबाब म्हणाला.

तिने पोत्याकडे वरून खालपर्यंत पाहिले. मग पिशवी माझ्या हातात दिली, चपला काढल्या आणि माझ्या दुकानातल्या बियांच्या काट्यावर जाऊन उभी राहिली. लाल आकडे जरा हलले आणि थांबले. सेहेचाळीस.

"काटो बिघडला," सगुणबाब म्हणाला.

ज्याने तीस वर्षे काट्याकडे ढुंकून पाहिले नाही, तो आता वाकून आकडा वाचत होता. मी तिला उतरवले आणि पोते ठेवले. ऐंशी. पोते काढले, ती पुन्हा चढली. सेहेचाळीस.

"हें केन्ना जालें गो?" सगुणबाबाने विचारले.

"चवथीसावन जाता," ती म्हणाली, म्हणजे गणेशचतुर्थीपासून. "जेवण गळ्यांत वचना म्हूण सांगतालें. तुमी म्हणटाले, तोंडाक चव ना, लोणचें खा."

माझ्या हातात तिची पिशवी होती. तीत तीन उंडे, म्हणजे गोल पाव, होते. रोज सकाळी ती माझ्या दुकानासमोरच पोदेराला थांबवते. गेल्या वर्षी सहा घ्यायची, मग चार, आता तीन. मी ते मोजलेही होते, आणि घरी बायकोला, सुमनला, सांगितले होते की सगुणबाब निवृत्त झाल्यापासून त्या घरात हात आखडलाय. इतकी माझी अक्कल. लाज वाटली, आणि ती कुठे ठेवावी हे कळेना, म्हणून मी पिशवीला नीट गाठ मारत बसलो.

मधुकरने सीटवर उरलेले सुंभ कापले. मग पाना घेतला आणि दोन्ही कडी पाचव्या खाचेवरून पहिलीवर आणली. प्रत्येक बाजूला चार वेळा खट्ट वाजले. सगुणबाब तोवर गाडीची किल्ली हातात फिरवत उभा होता.

"आदीं दोतोराकडे वचूया," तो म्हणाला.

"आदीं इब्रामपूर," वयनी म्हणाली. "दोतोर फाल्यां. वत्सला वाट पळयता." डॉक्टर उद्यावर गेला.

ती सीटवर बसली, दोन्ही दांडे धरले. माझ्या दुकानासमोरच एक गतिरोधक आहे. गाडी त्यावर चढली, मागची बाजू जराशी खाली गेली आणि सावकाश वर आली. वयनीचा हात कमरेकडे गेला नाही. सगुणबाबाने तिथेच गाडी थांबवली आणि मान वळवून विचारले, "धक्को बसता?"

"म्हाका ना," ती म्हणाली. "तुमकां बसलो."

पुढे त्याने गाडी इतकी हळू नेली की पोदेराची सायकल त्यांच्या पुढे निघून गेली. मी पोते ओढत आत नेऊन ठेवले.