उकंडरावांच्या गालातला कांदा

आसेगावच्या मंगल कार्यालयात लग्न नव्हतं, तरी पाय ठेवायला जागा नव्हती. साठीपुढच्या झाडून साऱ्यांना चाळिशीत परत जायचं होतं. सूक्ष्मदर्शक जोडलेल्या मोठ्या पडद्यापुढे चिरायुनाथ महाराज छडी फिरवत होते.

"ह्या उकंडरावांच्या गालातल्या पेशी, मागच्या हप्त्यातल्या. सुकल्या, चुरगाळल्या. गुणसूत्रांच्या टोकाच्या टोप्या पार झिजल्या. आता ह्या लाल पेशीसंजीवनीचे थेंब सात दिवस घेतल्यावर बघा. नव्या भिंतीसारख्या ओळीनं उभ्या. पेशीचं वय बेचाळीस."

सत्तरीचे उकंडराव मिशीवर हात फिरवत उठले. टाळ्या पडल्या.

मी नववीला विज्ञान शिकवते. ती भिंत दरवर्षी साठ पोरांना दाखवते, तेव्हा मला हसू यायला हवं होतं. आलं नाही, कारण पहिल्या रांगेत माझी माय गोजराबाई बसली होती. तिनं आठ दिवसांपासून शुगरची गोळी बंद केली होती. महाराजांची अटच होती, दुसरं औषध घेतलं की संजीवनी रुसते. मायच्या पायाच्या अंगठ्याची भरत आलेली जखम पुन्हा चिघळली होती.

"माय, गोळी काहून सोडली तू?"

"अवं, जुन्या पेशी बाहीर पडून राह्यल्या त्या जखमेतून. महाराजांनीच सांगतलं मले."

माझं डोकं फिरलं. मी तडक मंचावर गेले. "महाराज, माझं वय सांगा."

त्यांनी कापसाची काडी दिली. मी तोंडाला पदर लावला, काडी गालाला लागू दिली नाही, आणि तशीच परत केली. महाराज टेबलामागे क्षणभर वाकले. पडद्यावर तीच भिंत उभी राहिली.

"वा ताई, पेशीचं वय तीस."

"काडी कोरडी हाये महाराज. गालाले लावलीच नाही मी."

कार्यालयाच्या स्वयंपाकघरात गंगू पोह्यांसाठी कांदे चिरत होती. तिच्याकडून एक मागवला. आतल्या पाकळीचा पातळ पापुद्रा सोलून काचपट्टीवर ठेवला, वर महाराजांच्याच संजीवनीचा लाल थेंब टाकला. पडद्यावर पुन्हा तीच भिंत.

"अशी भिंत झाडाच्या पेशीले असते, माणसाच्या नाही," मी म्हणाले आणि टेबलाखालचा खण ओढला. आत तयार काचपट्ट्यांचे दोन डबे होते. 'आधी'च्या डब्यात वाळका पापुद्रा, 'नंतर'च्या डब्यात ताजा.

"म्हंजे मी हप्ताभर कांदा होतो काय?" उकंडरावांनी शांतपणे विचारलं.

"कांद्यातही चैतन्य असतं," म्हणत महाराज मागच्या दाराकडे सरकले. तिथं गंगू विळी घेऊन उभी होती.

"टोप्या झिजतात हे खरं हाये," मी लोकांना सांगितलं. "पेशी दुभागली की दरवेळी थोडी झीज होते. शेवटी ती दुभागणं सोडते, पण जात नाही. माजी सरपंचासारखी पारावर बसून राह्यते, सोता काम करत नाही अन् शेजाऱ्याले करू देत नाही. तिले हटवायचं औषध शास्त्रज्ञ शोधून राह्यले. उंदरांवर थोडं जमलं. माणसाले तरणं करणारं अजून कोणीच बाटलीत भरलं नाही. उद्या कोणी भरलं म्हणालं, तर म्हणा, काडी आमची, काच आमची, मंग दाखव."

तिसऱ्या रांगेतले माजी सरपंच छताकडे पाहू लागले.

माय मात्र स्वतःच्या अंगठ्याकडे पाहत होती.

"मले काई जवान नव्हतं व्हायचं, पोरी," ती म्हणाली. "पोहरादेवीच्या जत्रेले सोताच्या पायानं जायचं होतं, बस."

मी तिला खांद्याचा आधार दिला आणि आम्ही दोघी दवाखान्याकडे निघालो.